बुधवारचा ताप

मलेरियाची जीप अध्यापन वर्गाच्या वसतिगृहासमोर उभी होती. चाळीस पोरं आपापल्या ट्रंका नि वळकट्या घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसली होती आणि आत भिंतींवर डीडीटी मारणं चालू होतं. महिन्यातली ही तिसरी फवारणी. डास पहिल्याच फवारणीत मेले होते. ताप मात्र हटत नव्हता, कारण ताप मुळात नव्हताच. हे त्या आवारात मला माहीत होतं आणि मी तोंड उघडत नव्हतो.

मी तिथं जीपवाल्यांकडे रक्ताच्या काचपट्ट्यांची पेटी पोचवायला गेलो होतो. वर्गाचे अधीक्षक नाकाला रुमाल लावून माझ्याकडे आले आणि एक लिफाफा हातात ठेवला. डॉक्टरांची सही आजच पाहिजे, म्हणाले. लिफाफ्याचं तोंड उघडंच होतं. आत छापील फॉर्म. गणपत धनसिंग राठोड, वय वीस, हा वेडा आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं होतं. तो गणपत तेव्हा माझ्यापासून दहा हातांवर वळकटीवर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून जमिनीकडे बघत होता.

मी कंपाउंडर. म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर जे खरडतात ते औषध मोजून, घोटून बाटलीत भरणारा माणूस. बाटली रोग्यानं घरून आणायची, मी तिच्यावर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची. यवतमाळ जिल्ह्यातला तालुक्याचा दवाखाना, साल बासष्ट-त्रेसष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांची नातवंडं अजून तिथंच राहतात आणि त्यांचा यात काही दोष नाही.

दवाखान्यात रोज एक रजिस्टर भरायचं असे. रोग्याचं नाव, वय, गाव, आणि रोग. रोगाचे रकाने वरूनच छापून येत. ताप, हगवण, खोकला, खरूज, डोळे, जखमा. या यादीच्या बाहेरचा रोग घेऊन माणूस आला तर तो ‘इतर’मध्ये जाई, आणि ‘इतर’ वाढले की जिल्ह्याहून पत्र येई की आपल्याकडे निदान नीट होत नाही. त्यामुळे आमचे डॉक्टरसाहेब ‘इतर’ला विंचवासारखे भीत. माणूस मरायला टेकला तरी चालेल, पण तो रकान्यात बसून मेला पाहिजे, असा एकंदर कारभार होता.

त्याच वर्षांत मलेरिया हटवण्याची मोहीम जोरात होती. ज्याला ताप आहे किंवा येऊन गेला आहे त्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, पट्टी तपासायला पाठवायची. या पट्टीला सगळे स्लाइड म्हणत. निकाल यायला आठवडा लागे, म्हणून तोवर मलेरियाच आहे असं धरून चार कडू गोळ्या द्यायच्या. गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या आणि उलटी होत नाही ना हे बघायला रोग्याला दहा मिनिटं बाकावर बसवायचं. ज्या दवाखान्याच्या स्लाइड जास्त, त्याच्या डॉक्टरला मीटिंगमध्ये शाबासकी.

दिवाळीनंतर अध्यापन वर्गातली पोरं यायला लागली. हे खेड्यापाड्यांतले मॅट्रिक झालेले, शिक्षक व्हायला आलेले वीस-बावीस वर्षांचे. कोणाची छाती धडधडते, कोणाला झोप नाही, कोणाच्या हाताला कंप, कोणाला जेवण बघितलं की ओकारी. थर्मामीटर लावलं तर पारा जागचा हलत नसे. पहिल्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, रोग काय लिहू?

ते म्हणाले, “घाम येतो ना? ताप येऊन गेला असं लिहा. स्लाइड घ्या.”

मी लिहिलं. महिन्याभरात तालुक्यात सगळ्यांत जास्त स्लाइड आमच्या. डॉक्टरसाहेबांना शाबासकी मिळाली आणि त्यांनी मला चहा पाजला. तो चहा मी प्यालो, हेही लिहून ठेवतो.

पोरांना काय होतं ते बाकावर कळलं. दहा मिनिटं माणूस समोर बसला की काहीतरी बोलतोच. अधीक्षकांनी वर्गात टीकापाठ सुरू केला होता. टीकापाठ म्हणजे एका विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर धडा शिकवायचा आणि नंतर बाकीच्यांनी त्याच्या चुका सांगायच्या. ही पद्धत सगळीकडेच असते, त्यात वाईट काही नाही. पण आमच्या अधीक्षकांनी तिच्यात आपली अक्कल मिसळली. प्रत्येकानं एक चूक सांगितलीच पाहिजे, आणि एकानं सांगितलेली दुसऱ्यानं सांगायची नाही. जो सांगणार नाही त्याचे गुण कापायचे. दर गुरुवारी हा सोहळा.

आता पंचवीस मिनिटांच्या धड्यात माणूस चुकून चुकून किती चुकेल? पहिल्या दहा जणांत खडू, फळा, आवाज, अक्षर सगळं संपे. पुढच्या दहांत सदऱ्याचं बटण आणि चपलेचा आवाज. तिसाव्याच्या पुढचे काय करणार? ते मग त्याच्या रंगावर जात, चालीवर, गावावर, आईबापावर. आणि अधीक्षक खुर्चीत बसून त्यांची निरीक्षणशक्ती वहीत टिपत. शेवटच्या नंबरचा एक पोरगा मला म्हणाला होता, “मले चूकच सापडत नाई जी, म्हनून रातभर डोळा लागत नाई.” म्हणजे मारणारा आणि मार खाणारा, दोघंही माझ्याच बाकावर. कोंबड्यांची झुंज लावणारे लोकही कोंबड्यांना रात्री झोपू देतात.

गणपतची पाळी पौषात आली. तो तांड्यावरचा. त्यांच्या तांड्यात मॅट्रिक झालेला पहिला. बापानं त्याला वर्गात पोचवलं तेव्हा तांड्याचा नायक स्वतः बैलगाडीत बसून सोबत आला होता, एवढा त्याचा मान. त्याच्या धड्याच्या आधी कधीतरी त्याची आई शिदोरी घेऊन वसतिगृहावर येऊन गेली होती. आरशांचा घागरा, कोपराच्या वरपर्यंत बांगड्या. धडा बरा झाला. मग चुका सुरू झाल्या. अडतिसाव्या नंबरचा उठला आणि म्हणाला, हा शिकवताना हात हलवतो, याची आई बांगड्या वाजवत येते तसा. वर्ग हसला. अधीक्षकही हसले आणि त्या अडतिसाव्याला त्यांनी चांगले गुण दिले.

त्यानंतरच्या बुधवारी गणपत पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी बोट टोचलं, गोळ्या दिल्या, बस म्हटलं. झोप येते का विचारलं तर नाही म्हणाला. जेवतोस का, तर घास उतरत नाही. मग आपणहून बोलला.

“फळ्यापाशी गेलो का हात उचलत नाई जी. खडू धरला का माह्या याडीच्या बांगड्या आयकू येतात.”

याडी म्हणजे आई. मी त्याला काय सांगितलं असेल? पौष्टिक खात जा. सकाळी फिरायला जात जा. इतकंच. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळत नाही असं म्हणायची लाज वाटत होती. पण तो दर बुधवारी येऊ लागला, मधेही एकदोनदा आला, आणि मी दर वेळी रजिस्टरात ताप लिहून त्याचं बोट टोचत गेलो. एकदा म्हणाला, कधी कधी वाटते आपण नसलेलंच बरं. मी दटावलं, असं बोलू नये. एवढं बोलून मी दुसऱ्याच्या बाटलीला पट्टी चिकटवायला वळलो. त्या वळण्याची मला आजही लाज वाटते.

पुढं वर्गात त्याला पुन्हा उभं केलं. तो फळ्यासमोर खडू धरून पूर्ण तास उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. मग बाहेर जाऊन निंबाखाली बसला तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही. कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. अधीक्षकांनी ठरवलं की पोराचं डोकं फिरलं, आणि फॉर्म मागवला.

या फॉर्मची गंमत बघा. पोराला झोप येत नाही, जीव घाबरतो, यासाठी सरकारी दवाखान्यात साधा रकाना नव्हता. पण तो वेडा आहे असं ठरवायला छापील फॉर्म तयार. त्यावर सही झाली की मॅजिस्ट्रेटचा हुकूम, मग पोलिसाबरोबर नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात. तिथून धडधाकट परत आला तरी शिक्षकाच्या नोकरीला लागणारं फिटनेस सर्टिफिकेट त्याला जन्मात कोणी देणार नव्हतं. तांड्यातल्या पहिल्या मॅट्रिकचं आयुष्य त्या कागदावर संपत होतं.

लिफाफा घेऊन मी दवाखान्यात आलो तर मलेरिया इन्स्पेक्टर गावंडे माझी वाट बघत बसला होता. पोरगा उत्साही, कामाला वाघ. त्याच्यासमोर आलेखाचा मोठा कागद पसरलेला.

“वानखडे भाऊ, हे पाहा,” तो म्हणाला. “एकांतरा ताप तिसऱ्या दिवशी येते, चौथरा चौथ्या दिवशी. तुमच्या वसतिगृहाचा ताप आठव्या दिवशी येऊन राह्यला. दर बुधवारी. अन् स्लाइड एकूणएक निगेटिव्ह. हे पुस्तकातच नाई. मी जिल्ह्याले रिपोर्ट पाठवतो.”

मला हसू फुटलं. नव्या रोगाचा शोध लागल्याच्या आनंदात ते लेकरू बसलं होतं आणि मी त्याच्यासमोर पोट धरून हसत होतो. हसता हसता हातातला लिफाफा दिसला आणि हसू विरलं. मी गावंडेला सगळं सांगितलं. टीकापाठ, अडतिसावा नंबर, आमचं रजिस्टर. आपण तीन वेळा उगाच फवारणी केली याचं त्याला वाईट वाटत होतं. मग त्यानं विचारलं, त्या पोराचं काय करता?

आधी डॉक्टरसाहेब. ते माणूस म्हणून दुष्ट नव्हते. भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हातात शिक्का असला की तो दुष्टापेक्षा जास्त नुकसान करतो. फॉर्म बघून त्यांनी पेन काढलंच होतं. अधीक्षकांशी वाकडं कशाला घ्यायचं, म्हणाले, तिथं तज्ज्ञ आहेत ते बघून घेतील.

मी म्हणालो, “साहेब, इथं एक रकाना आहे. डॉक्टरनं स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणं.”

“मग?”

“आपण त्याला अकरा वेळा पाहिला. अकराही वेळा रजिस्टरात ताप आहे, खाली आपली सही आहे. मॅजिस्ट्रेटनं रजिस्टर मागवलं तर वेड्याला मलेरियाच्या गोळ्या का दिल्या, असं विचारतील.”

डॉक्टरसाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म कोराच माझ्याकडे सरकवला. अकरा वेळा लिहिलेलं खोटं त्या दिवशी पोराच्या कामी आलं. मी दया-माया, माणुसकी यावर व्याख्यान दिलं असतं तर सही झाली असती, याबद्दल मला काडीची शंका नाही.

मग अधीक्षक. मी नि गावंडे दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. टीकापाठ थोडा सौम्य करता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुम्ही कंपाउंडर ना? बाटल्या भरा. शिक्षणशास्त्र आम्हाला कळतं. ज्यांची मनं कच्ची त्यांनी शिक्षक होऊ नये.”

गावंडे नम्रपणे म्हणाला, “बरोबर हाये सर. पन माह्या फॉर्मवर शेऱ्याचा रकाना हाये. दर बुधवारी ताप काहून वाढते, ते लिहा लागते. कारण नाई सापडलं तर आवारातल्या सगळ्या घरांत फवारणी. उद्याच मानसं पाठवतो. तुमच्या क्वार्टरमंदी बी. स्वयंपाकघर, देवघर, समदं.”

अधीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांच्या घरात सोवळं कडक. पाण्याच्या घागरीला मोलकरणीचा हात लागला तर ती घागर पुन्हा घासली जात असे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गावंडेची फवारणीवाली माणसं कोण होती? धम्म घेतलेल्या वस्तीतली पोरं. ती खांद्यावर पंप घेऊन देवघरात शिरणार, हे चित्र अधीक्षकांच्या डोळ्यांपुढं स्पष्ट उभं राहिलं. चाळीस पोरांच्या झोपेनं न हललेला माणूस आपल्या चुलीपाशी मात्र हलला. मला त्याची इतकी किळस आली की मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. एरवी असल्या सोवळ्याला मी हात लावला नसता, पण त्या दिवशी ते कामाला आलं.

पुढच्या गुरुवारपासून नियम बदलला. तीनच जणांनी चुका सांगायच्या आणि एकानं चांगलं काय ते सांगायचं. ही सुधारणा आपल्याला सुचली, असं अधीक्षकांनी वार्षिक अहवालात लिहिल्याचं मी ऐकलं. बुधवारचा ताप दोन आठवड्यांत ओसरला. डॉक्टरसाहेबांच्या स्लाइड कमी झाल्या म्हणून त्यांना जिल्ह्याहून पत्र आलं.

पण गणपत नियम बदलून बरा होण्याच्या पुढं गेला होता. नागपूरच्या औषध कंपनीचा एक माणूस दवाखान्यात येत असे, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, तिथल्या मोठ्या इस्पितळात मनाच्या आजाराचे डॉक्टर बाहेरच्या रोग्यांनाही बघतात, आठवड्यातून एक दिवस. पोलीस नको, हुकूम नको, चिठ्ठी काढायची नि बसायचं. ही एवढी गोष्ट आमच्या तालुक्यात एकाही शहाण्याला माहीत नव्हती. मलाही नव्हती.

गणपतच्या बापाला, धनसिंगला, निरोप धाडला. म्हातारा चालत आला. पोराला नागपूरला न्यायचं म्हटल्यावर तो माझ्या पाया पडायला वाकला. “साहेब, तिकडं नेलेला मानूस वापस येत नाई म्हनतात. माह्या पोराले गाव हसन, पन घरी राहू द्या.” मी त्याला सांगितलं, मीही सोबत येतो, आणि संध्याकाळच्या एसटीनं तिघंही परत येऊ. त्याचा विश्वास बसला नव्हता. निघायच्या दिवशी त्यानं औषधासाठी धुतलेली रिकामी बाटली तेवढी न विसरता आणली.

गणपतच्या रजेच्या अर्जावर खरं कारण लिहिलं असतं तर अधीक्षकांनी पुन्हा फॉर्म काढला असता. म्हणून लिहिलं, दातदुखी. गणपतचे बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यासारखे होते.

नागपूरचे डॉक्टर वयानं माझ्याएवढेच होते. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि पोराशी अर्धा-पाऊण तास बोलले. मग आम्हाला आत घेऊन म्हणाले, हे वेड नाही. भीती अंगात मुरली आहे. त्याला औषध आहे, आणि दर महिन्याला येऊन बोलणं हाही औषधाचाच भाग आहे. जीव द्यावा असं वाटतं का, हे त्यांनी त्याला सरळ विचारलं होतं, आणि त्यानं सरळ सांगितलं होतं. जे ऐकून मी बाटलीकडे वळलो होतो, ते त्यांनी नीट बसून ऐकलं. घरच्यांनी काही दिवस त्याला एकटं सोडू नये, असंही धनसिंगला समजावून सांगितलं. धनसिंगनं बाटली पुढं केली. डॉक्टर हसले नाहीत. गोळ्यांची पुडी त्यांनी त्या बाटलीत टाकली आणि बूच लावून दिलं.

नंतरचं थोडक्यात सांगतो. गणपतला वर्षभर दातदुखी राहिली. तो पास झाला, झेडपीच्या शाळेत लागला आणि हेडमास्तर होऊन रिटायर झाला. मी आमच्या रजिस्टरात तांबड्या शाईनं एक नवा रकाना आखला होता, ‘मनाचा त्रास’. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, या रोग्यांना औषध कोणतं दिलं? मी म्हणालो, बसवून ऐकून घेतलं. साहेबांनी रकान्यावर आडवी रेघ मारली आणि छापील रजिस्टर विद्रूप केल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा घेतला.

नागपूरहून परत येताना एसटी कळंबला थांबली होती. धनसिंग खिडकीला डोकं टेकून झोपला होता. गणपतचा हात पुढच्या सीटच्या दांडीवर होता आणि त्याच्या बोटांची टोकं मला जवळून दिसली. काळे काळे ठिपके. मी केलेले. मला राहवलं नाही.

“तुले ताप नव्हता, हे तुले बी माहीत होतं. मंग कायले टोचून घेत होता रे?”

तो ओशाळून हसला. म्हणाला, “टोचल्यावर तुम्ही बस म्हनत होते जी. दहा मिनिटं. तेवढ्यासाठी येत होतो.”

अकरा वेळा सुई खाल्ली होती पोरानं, बाकावर बसायला मिळावं म्हणून. पुढं पंचवीस वर्षं नोकरी केली. समोर तरणं पोर आलं की मी आधी बस म्हणायचो आणि सुई नंतर काढायचो. निम्म्या वेळा सुईची गरजच पडली नाही.